मुशैरिबमधला नोव्हेंबर

तुम्ही दोह्यात राहत असाल, तर मुशैरिबला कधीतरी मेट्रो बदलली असेलच. लाल, हिरवी आणि सोनेरी या तिन्ही मार्गिका तिथे भेटतात. २०२४ च्या नोव्हेंबरात मीही तिथेच गाडी बदलत होतो, आणि एका महिन्यात दोन मतदाने पाहत होतो. दोन्ही लांबूनच.

५ नोव्हेंबरला कतारी नागरिकांचे सार्वमत झाले. देशाबाहेर असलेल्यांना ‘मेट्राश’ अ‍ॅपवरून मत देता येत होते. हेच अ‍ॅप निवास परवान्यासाठी तुमच्या-माझ्या फोनमध्येही असते. मत मात्र होते निवडणूकच थांबवण्यावर: शूरा कौन्सिलची पहिली निवडणूक २०२१ मध्ये झाली होती, आता पुन्हा नेमणुकीची पद्धत आणायची होती. प्रस्ताव ९०.६ टक्के मतांनी संमत झाला.

पंधरा दिवसांनी, २० तारखेला, महाराष्ट्र विधानसभेचे मतदान होते.

परदेशस्थ भारतीयांना मतदारयादीत जागा मिळाली ती २०१० च्या कायदादुरुस्तीने. अर्ज ६अ घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावरच जावे लागते. सैनिकांना आणि दूतावासातल्या कर्मचाऱ्यांना २०१६ पासून मतपत्रिका इंटरनेटवरून मिळू लागली, ती भरून टपालाने पाठवायची. आपल्यासाठी प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले आणि पुढच्या वर्षी बारगळले. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने सैनिकांसारखीच सोय आपल्याला द्यायची तयारी दाखवली. ती अजून आलेली नाही.

फोनवरून मत हा उपाय मला तितका सोपा वाटत नाही. एका खोलीत सहा कामगार राहतात, तिथे गुप्त मतदान कसे होणार? केंद्रावरचा तो पुठ्ठ्याचा आडोसा फार मोलाचा आहे.

पण आकडे पाहा. २०२४ च्या लोकसभेला १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. प्रत्यक्ष मत दिले २,९५८ जणांनी, त्यांतले २,६७० केरळचे. आखातातल्या मल्याळी संघटना मतदानासाठी विमानाची तिकिटे एकगठ्ठा काढतात. महाराष्ट्राची नोंदणी ५,०९७, मतदान केलेले १७. आपली मंडळे गणपतीसाठी काय काय आणतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. नाव नोंदवायला तर विमानही लागत नाही.

२० तारखेला आईने शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. माझे नाव यादीत आहे का, असेही तिने विचारले. मुशैरिबच्या फलाटावर उभे राहून मी ते पहिल्यांदा शोधले. नव्हते. अर्ज मी भरलाच नव्हता.