बहुसांस्कृतिक जाण, मानसिक आरोग्यसेवेतील (अमरावती-अकोला)

रुग्ण ज्या भाषेत, जातीत, धर्मात, शेतीवाडीत आणि नात्यागोत्यात जगतो ते समजून घेऊन त्याच्या मानसिक त्रासाची चौकशी, निदान आणि उपचार करण्याची मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, मनोसामाजिक कार्यकर्ते, परिचारिका आणि गावपातळीवरच्या आशा स्वयंसेविका यांची कुवत. प्रस्तुत नोंद अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांविषयी आहे; शेजारच्या बुलडाण्याचा उल्लेख ओघाने येतो.

या विषयाची सैद्धांतिक मांडणी अमेरिकेत झाली. डेराल्ड विंग स्यू, पॅट्रिशिया अरेडोंडो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस यांनी 1992 मध्ये समुपदेशकाच्या अंगी तीन गोष्टी हव्यात असे सांगितले : स्वतःच्या पूर्वग्रहांचे भान, समोरच्या समाजाचे ज्ञान आणि त्याला साजेशी कौशल्ये. मेलनी टर्व्हलॉन व जॅन मरे-गार्सिया यांनी 1998 मध्ये त्याला पुरवणी जोडली. दुसऱ्याची संस्कृती आपण शिकून संपवली असे कधीच होत नाही, म्हणून नम्रपणे विचारत राहावे, असे त्यांचे म्हणणे. 2013 च्या डीएसएम-5 या अमेरिकी निदानग्रंथात रुग्णाला त्याचा त्रास त्याच्याच शब्दांत सांगायला लावणारी 16 प्रश्नांची मुलाखत आली. ही सारी चर्चा वंश आणि स्थलांतर यांभोवती फिरते. वऱ्हाडात अंतर वेगळ्या ठिकाणी पडते आणि ते चटकन दिसत नाही. पुण्यात किंवा नागपुरात शिकलेला समुपदेशक दर्यापूरच्या शेतकऱ्याशी मराठीतच बोलतो, त्यामुळे आपल्यात काही आड येत नाही असे त्याला वाटते. आड बरेच काही येत असते.

नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-9 ही 2001 ची प्रश्नावली घ्यावी. तिच्यात गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात आणि उत्तरांना 0 ते 27 गुण मिळतात. कापूस वेचणीच्या दिवसांत एखाद्या बाईला ‘गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही, असे किती दिवस झाले?’ असे छापील मराठीत विचारले, तर ती गप्प बसते किंवा ‘नाई’ म्हणून मोकळी होते. वेचणीला ती आनंदासाठी जात नाही, त्यामुळे प्रश्न तिच्या अंगाला लागतच नाही. आठवडे ती आठवडी बाजारावरून मोजते. ‘मांगच्या दोन बाजारांपासून झोप कशी येते? जेवन जाते का? पोराबाळांत जीव लागते का?’ असे विचारले, की ती बोलू लागते. ‘जीव घाबरते’, ‘हातपाय गयतात’, ‘काई सुदरत नाई’ ही तिची उत्तरे लक्षणे म्हणून नोंदवता आली पाहिजेत. अंगदुखी आणि अशक्तपणाची तक्रार घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात वारंवार येणाऱ्या बाईला दर वेळी सलाइन लावून घरी पाठवणे, हे ही जाण नसल्याचे रोजचे उदाहरण आहे.

प्रश्न कुठे विचारला जातो यालाही तितकेच महत्त्व आहे. ओसरीवर सासू आणि जाऊ बसलेल्या असताना मरणाच्या विचारांविषयीचा नववा प्रश्न विचारला, तर उत्तर ठरलेले असते. अनुभवी आशा तो प्रश्न पाणी भरायला जाताना विचारते. पुरुषांशी बोलणे घरापेक्षा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सोपे जाते. हाताला काम असले आणि नजर समोर पिकाकडे असली की माणूस अधिक बोलतो.

वऱ्हाडात सरकारी समुपदेशन आले ते शेतकरी आत्महत्यांच्या मागोमाग, आणि त्याचा ठसा अजून पुसलेला नाही. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा स्वतंत्र कार्यक्रम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 2015 मध्ये, ‘प्रेरणा प्रकल्प’ या नावाने राज्यातल्या 14 जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात आशांनी घरोघर जाऊन ताणाखालची माणसे शोधावीत, त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या पथकाशी जोडावे आणि 104 या क्रमांकावर फोनवरून समुपदेशन मिळावे अशी रचना होती.

ज्या घरात आत्महत्या झाली आहे तिथे वही घेऊन येणारा प्रत्येक जण तपासणीला आलेला असतो. मदत मिळायची तर घटना शासनाच्या निकषांत ‘पात्र’ ठरावी लागते. 2006 च्या शासननिर्णयानुसार ही मदत 1 लाख रुपये. त्यातले 30,000 हाती आणि 70,000 ठेवीत. पात्रता ठरते ती जमीन, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांच्या कागदांवर. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल, कर्ज बिगरपरवाना सावकाराचे असेल, नवरा ठोक्याने केलेले वावर कसत असेल, तर विधवेच्या दुःखाला कागदाचा आधार राहत नाही. अशा बाईला समुपदेशकाने पहिल्याच भेटीत ‘ते दारू घ्यायचे का, घरात भांडणे होती का’ असे विचारले, की ती सावध होते. कारण हेच प्रश्न चौकशीला आलेल्या माणसाने विचारलेले असतात आणि उत्तर चुकले तर प्रकरण अपात्र होईल ही तिची भीती खरी असते. ती खोटे बोलत नाही, घर वाचवते. आपण तलाठ्याचे किंवा पोलिसाचे माणूस नाही, हे समुपदेशकाने आधी सांगावे, वही पिशवीत ठेवावी आणि पहिल्या भेटीत शक्यतो काहीच लिहू नये. पाठ्यपुस्तकांत सण-चालीरीतींची माहिती म्हणजे सांस्कृतिक ज्ञान असे धरले जाते. वऱ्हाडात सातबारा, पीक कर्ज आणि हंगामाचे वेळापत्रक हे त्या ज्ञानाचे पहिले प्रकरण असायला हवे.

जात आणि धर्म यांबाबत चूक बहुधा सद्हेतूनेच होते. ‘देवावर भरवसा ठेवा, एखादा उपास करा’ हा सल्ला 1956 च्या धम्मदीक्षेचा वारसा जपणाऱ्या बौद्ध घरात परका वाटतो. तिथे विहारातली रविवारची वंदना आणि महिला मंडळ हा आधार असतो. अचलपूर, बाळापूर, अकोला शहर येथील मुस्लिम वस्त्यांत दखनी वळणाची उर्दू बोलली जाते आणि बाई बाईशीच बोलते. फासेपारध्यांच्या बेड्यावर नाव-पत्ता विचारणेच धोक्याचे वाटते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लावलेला शिक्का 1952 मध्ये कागदावरून गेला, पोलिसांच्या वागण्यातून गेला नाही. त्यांच्या संशयाला आजार समजणारा तज्ज्ञ इतिहास विसरतो.

सर्वांत मोठी कसोटी मेळघाटात लागते. तिथल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू आदिवासींची भाषा मराठी किंवा हिंदीच्या कुळातली नाही; ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची नातलग आहे. 2011 च्या जनगणनेत देशभरात 7 लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली, तरी धारणीच्या दवाखान्यात दुभाषा बहुधा आशा, मदतनीस किंवा रुग्णाचा शाळकरी मुलगा असतो. आईच्या मनातले निराशेचे विचार मुलाच्या तोंडून डॉक्टरांना कळवणे, हे मुलासाठीही क्रूर आहे. आजारात पहिला सल्ला भूमका किंवा पडियार या पारंपरिक उपचारकांचा घेतला जातो. तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देणारा ‘डंबा’ थांबवलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण मनाच्या आजारात भूमकाला शत्रू ठरवले तर रुग्ण परत येत नाही. त्याला विश्वासात घेऊन रुग्ण दवाखान्यापर्यंत आणण्याचे प्रयत्न मेळघाटात झाले आहेत आणि तीच वाट शहाणपणाची दिसते. शोकाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. कोरकूंमध्ये मृत्यूनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, सिडोलीचा विधी होतो आणि मृताच्या नावाने कोरीव लाकडी ‘मुंडा’ (स्मृतिस्तंभ) उभा केला जातो. विधीला पैसा जमेपर्यंत घरचा शोक उघडाच असतो. निदानग्रंथातली मुदत ओलांडली म्हणून त्याला विकार ठरवण्याआधी सिडोली झाली का, हे विचारावे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट तालुक्यात वसवलेल्या कोरकू गावांत या शोकात जंगल आणि गाव गमावल्याचे दुःखही मिसळले आहे. ते कोणत्याही प्रश्नावलीत विचारलेले नसते.

बुलडाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा हे श्रद्धा आणि उपचार यांच्या याच प्रश्नाचे दुसरे टोक. होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत सर्व धर्मांची कुटुंबे ‘बाहेरचे’ (भूतबाधा) झालेला माणूस घेऊन येतात. वऱ्हाडातल्या अनेक रुग्णांचा प्रवास तिथून सुरू होतो आणि नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पोचतो. 2001 मध्ये तामिळनाडूतील एरवाडीला साखळदंडांनी बांधलेले रुग्ण आगीत होरपळून मेले, तेव्हापासून बांधून ठेवण्याविरुद्ध देशभर जाग आली. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मारहाण आणि अघोरी उपायांना गुन्हा ठरवतो. छळ रोखणे आणि श्रद्धेचा उपहास न करणे ही दोन्ही कामे एकाच माणसाला एकाच दिवशी करावी लागतात. गाडगेबाबांचे कीर्तन ऐकलेल्या या मुलुखात ते अशक्य नाही : नवससायास आणि पशुबळी यांवर बाबा कडाडून बोलत, तरी श्रोते उठून जात नसत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये या जाणिवेला कायद्याचा आधार आहे. आर्थिक-सामाजिक स्थिती किंवा सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गटाचे सदस्यत्व यांवरून मानसिक आजार ठरवता येत नाही (कलम 3). जात, धर्म, संस्कृती, वर्ग यांवरून सेवेत भेदभाव करता येत नाही (कलम 21). आणि उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे (कलम 22). कोरकू भाषकासाठी दुभाषा नेमणे ही म्हणून मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

स्थानिक माणसे तयार केल्याने काय घडते, याचा भक्कम पुरावा अमरावती जिल्ह्यातलाच आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने टाटा ट्रस्टच्या मदतीने ‘विश्राम’ हा कार्यक्रम 30 गावांत चालवला. गावातलेच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि शेवटी मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची उतरंड होती. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. हे घडले ते गावच्याच माणसांनी गावच्याच बोलीत केलेल्या गाठीभेटींतून.

औपचारिक प्रशिक्षणात मात्र या विषयाला जागा तोकडी आहे. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने समुपदेशक, मनोसामाजिक कार्यकर्ते आदींचा ‘वर्तन-आरोग्य’ हा वेगळा गट मानला. त्यांच्या अभ्यासक्रमात धारणीचा एक मुक्काम, कोरकूचे कामापुरते शिक्षण आणि आशांसोबत गृहभेटी सक्तीच्या करता येतील. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेली-मानस या दूरध्वनी समुपदेशन सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते. वऱ्हाडी समजणारा माणूस पलीकडे असेल तर संभाषण लांबते. या साऱ्या साखळीत सर्वाधिक भार उचलणारी आशा कामागणिक मोबदल्यावर राबते. गावातल्या आत्महत्येची बातमी पहिल्यांदा तिला कळते, मृत माणूस अनेकदा तिच्याच नात्यातला असतो, आणि तिच्या स्वतःच्या मनावरचा भार हलका करण्यासाठी ठरावीक मुदतीने तज्ज्ञाची बैठक घेण्याची सोय अजून प्रत्येक आरोग्य केंद्रात व्हायची आहे.