लोहाऱ्याचे लोखंड आणि वरोऱ्याचा कोळसा

पूर्वीच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा नावाचे एक गाव आहे. तेथील डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि त्याच जिल्ह्यात वरोऱ्याला दगडी कोळशाची खाण होती. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्झ या जर्मन तज्ज्ञाचा या भागातील लोहउद्योगाविषयीचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. नागपूरला त्यांची कापडगिरणी आधीच सुरू होती. लोखंड येथे, कोळसा येथे. मग पोलादाचा कारखानाही येथेच का नको, असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु तो कारखाना शेवटी आजच्या झारखंडच्या अरण्यात उभा राहिला. असे का झाले, याचे उत्तर बरेचसे रसायनशास्त्रात सापडते.

हेमॅटाइट हे लोहखनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग होय. शुद्ध हेमॅटाइटच्या १६० भागांत ११२ भाग लोखंड व ४८ भाग प्राणवायू असतो. हा प्राणवायू लोखंडाला घट्ट धरून बसलेला असतो. त्याला सोडवायचे, तर लोखंडापेक्षाही अधिक ओढीचा सोबती त्याला द्यावा लागतो. तो सोबती म्हणजे कार्बन. भट्टीत कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. तो खनिजातील प्राणवायू काढून घेतो आणि मागे लोखंड उरते. यालाच क्षपण म्हणतात.

मध्य भारतातील अगरिया लोक हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. मातीची लहानशी भट्टी, लाकडाचा कोळसा आणि पायांनी दाबायचा भाता, एवढीच त्यांची सामग्री. लोखंड वितळण्यास १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती या भट्टीत येत नसे. म्हणून लोखंड न वितळता सच्छिद्र गोळ्याच्या रूपात मिळे. दगडमातीची मळी मात्र वितळून बरीचशी वाहून जाई. उरलेली घणाचे घाव घालून बाहेर काढीत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात या जमातीचे जीवन नोंदवून ठेवले आहे. भट्टीवरील कर, जंगलावरील निर्बंध आणि विलायतेहून येणारे स्वस्त लोखंड यांच्यापुढे या भट्ट्या एकेक करून विझत गेल्या.

मोठ्या झोतभट्टीची गोष्ट वेगळी. तीत खनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर वरून टाकतात व खालून तप्त हवेचा झोत सोडतात. येथे लोखंड कार्बन शोषून घेते, त्यामुळे त्याचा वितळणबिंदू सुमारे ११५० अंशांपर्यंत उतरतो आणि ते पातळ होऊन तळाशी साचते. चुनखडी खनिजातील वाळूशी संयोग पावून मळी बनते व लोखंडावर तरंगते. या साऱ्यात कोकला दुहेरी काम असते. त्याने जळायचे असतेच. शिवाय वरचा प्रचंड भार पेलून हवेला वाटही मोकळी ठेवायची असते. हवा न लागू देता तापवला असता मऊ होऊन पुन्हा कठीण, सच्छिद्र ढेप बनणारा कोळसाच त्यासाठी चालतो. प्रत्येक दगडी कोळशात हा गुण नसतो.

वरोऱ्याच्या कोळशात तो नव्हता. जमशेटजींनी नमुने जर्मनीत तपासून घेतले, तेव्हा तो निरुपयोगी ठरला. खाणींच्या परवान्यांच्या अटीही जाचक होत्या. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत त्या सैल झाल्या, तेव्हा साठीत पोहोचलेल्या जमशेटजींनी जुना विचार पुन्हा हाती घेतला. सी. एम. वेल्ड या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने चांद्याची पाहणी केली. पण मोठ्या कारखान्याचा जम तेथे बसेना. निराश दोराबजी टाटा नागपूरला गेले असता तेथे त्यांच्या दृष्टीस एक भूशास्त्रीय नकाशा पडला आणि त्यातून दुर्ग जिल्ह्यातील ढल्ली-राजहराच्या समृद्ध डोंगराचा शोध लागला. त्याही जवळ योग्य कोळसा नव्हता. अखेर प्रमथनाथ बोस यांनी १९०४ मध्ये पत्र लिहून मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसानीचे खनिज दाखवून दिले. झरियाचा कोक होणारा कोळसा तेथून आवाक्यात होता. त्याच वर्षी १९ मे रोजी जमशेटजी जर्मनीत निवर्तले. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली, साकची गावी भट्टी उभी राहिली आणि १९१२ मध्ये पोलाद बाहेर पडले. १९१९ मध्ये साकचीचे जमशेदपूर झाले.

एका कोळशाच्या गुणधर्माने दोन प्रदेशांचे भवितव्य असे बदलले. परंतु गोष्ट येथे संपत नाही. पुढे स्पंज लोखंडाची पद्धत आली. फिरत्या भट्टीत सुमारे हजार अंशांवर खनिजातील प्राणवायू काढतात. लोखंड वितळत नाही, सच्छिद्र राहते. भार पेलायचा नसल्याने कोक न होणारा कोळसाही तिला चालतो. आज चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस येथे असे लोखंड तयार होते. थोडे थांबून पाहिले, तर ही अगरियांचीच जुनी रीत आहे: न वितळवता प्राणवायू सोडवण्याची. ज्यांना आपण मागासलेले म्हटले, त्यांच्या मातीच्या भट्टीत तेच रसायनशास्त्र घडत होते. त्यांच्या भट्ट्या विझू दिल्या, तेव्हा त्यांच्याजवळ काय होते हे विचारण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.