कुंपणावरचा गोकर्ण ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’ आहे का?

वाशिम जिल्ह्यात कुंपणावर, अंगणात निळ्या फुलांचा गोकर्ण सहज दिसतो. पाण्याचा ताण सोसणारा हा वेल आता ‘निळ्या चहा’मुळे सोशल मीडियावर गाजतोय. पण त्याची खरी ताकद रंगात नाही, पेप्टाइडमध्ये आहे.

जंतुरोधक पेप्टाइड म्हणजे काय?
पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. झाडांना आपल्यासारख्या पांढऱ्या रक्तपेशी नसतात. म्हणून बुरशी आणि जिवाणूंपासून बचावासाठी ती असे पेप्टाइड तयार करतात. त्यांच्यावर बहुधा धन विद्युतभार असतो, तर जिवाणूच्या आवरणावर ऋण. त्यामुळे ते आवरणाला चिकटतात आणि त्याला छिद्रे पाडतात.

गोकर्णात काय सापडले?
१९९५ मध्ये बियांमधून बुरशीची वाढ रोखणारे ‘डिफेन्सिन’ वेगळे करण्यात आले. २०११ मध्ये ‘सायक्लोटाइड’ सापडल्याचे प्रसिद्ध झाले. सुमारे ३० अमिनो आम्लांच्या या साखळीची दोन्ही टोके जोडलेली असतात आणि आत तीन गंधकबंधांची गाठ असते. म्हणूनच ती उष्णतेने सहज तुटत नाही. त्यांपैकी काहींचा प्रयोगशाळेत ई. कोलाय जिवाणूवर परिणाम दिसला.

मग चहाने संसर्ग बरा होतो का?
तसे मानू नका. चहाचा निळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा आहे, पेप्टाइडचा नाही. शिवाय काचेच्या बशीत जंतू मरणे आणि रुग्ण बरा होणे यात मोठे अंतर आहे. काही सायक्लोटाइड लाल रक्तपेशीही फोडतात. काँगोमध्ये सायक्लोटाइड असलेल्या एका वनस्पतीचा काढा प्रसूतीच्या कळा वाढवण्यासाठी देत असत. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच असे काढे घ्यावेत. डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिक्स मध्येच सोडू नयेत.

वाशिमला याचा उपयोग काय?
उपयोग शेतात होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात गोकर्णाच्या अर्कापासून बनवलेले ‘सेरो-एक्स’ हे कीडनाशक कापसावर वापरले जाते. वाशिमही कापूस-सोयाबीनचा जिल्हा आहे. शेजारच्या यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीतल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कमी विषारी पर्यायाची गरज किती मोठी आहे, हे त्यावरून कळते. मात्र घरी काढलेल्या अर्कात पेप्टाइडचे प्रमाण ठरलेले नसते. त्याच्या भरवशावर उभे पीक सोडू नये. फवारणी कोणतीही असो, हातमोजे आणि मास्क हवेतच.