एका जागेचे अनेक शिक्के

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत १९८६ पासून प्रवाशांसाठी एक छोटी ‘पासपोर्ट’ वही मिळते. उद्यानाच्या माहिती केंद्रात शाईचा शिक्का ठेवलेला असतो. त्यावर उद्यानाचे नाव आणि त्या दिवसाची तारीख. या हौसेत आम्हांस इतिहासाची आवड दिसते. कॅलिफोर्नियातील पिनॅकल्स हे राष्ट्रीय स्मारक २०१३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. आधी जाऊन आलेल्यांच्या वहीत मात्र स्मारकाचाच शिक्का राहिला. डोंगर तेच, शिक्का निराळा.

आपल्या जवळच्या पेंचचेही असेच. मध्यप्रदेशाच्या बाजूस १९७७ मध्ये अभयारण्य, १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान, १९९२ मध्ये व्याघ्रप्रकल्प. त्याच नदीच्या खालच्या अंगास महाराष्ट्राचे पेंच उद्यान, १९७५ चे. अरण्य सलग, प्रवेशपत्रे मात्र दोन राज्यांची. वाघ अर्थातच कोणतेही न घेता ये-जा करतो.

प्रवासी हिंडून शिक्के जमवतो. पांढुर्णा-सौंसर भागात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांनी ते जागचे न हलता जमवले. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत आला, पुढे त्यास वऱ्हाड जोडले गेले. १९५० मध्ये नाव मध्यप्रदेश झाले, तरी राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर दुसऱ्या राज्यात गेले आणि आपली राजधानी भोपाळ झाली. आपल्या भाषेच्या दृष्टीने हा बदल सर्वांत खोल होता. बाकीचे त्यापुढे कागदोपत्री म्हणावे लागतील. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला.

मराठेशाहीतील पत्रांत आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटे. मजकूर येथे संपला, पुढे कोणी भर घालू नये, अशी ती खूण. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. असे कागद, जुनी खरेदीखते, शाळेचे दाखले यांची आज खरी अडचण वेगळीच आहे. मोडी वाचता येत नाही, म्हणून घर आवरताना ते रद्दीत जातात. आमची विनंती एवढीच, की टाकण्यापूर्वी त्यांवरील शिक्का निरखावा. मजकूर लागला नाही तरी कचेरीचे नाव आणि साल बहुधा लागते. ते निराळ्या चिठ्ठीवर उतरवून कागदासोबत ठेवावे. मोडी जाणणारा कोणी उद्या भेटला, तर त्याच्या हाती द्यायला कागद शिल्लक असेल.