शाळेचा पहिला दिवस: गुलाबाचं फूल, पावलांचे ठसे आणि पटावरचं नाव

जून महिना लागला की मोबाईलवर एकाच प्रकारचे फोटो फिरू लागतात. फुग्यांची कमान, दारात रांगोळी, डोक्यावर कागदी टोपी आणि हातात गुलाबाचं फूल घेतलेली पहिलीतली पोरं. कुठे बैलगाडीतून मिरवणूक, कुठे ट्रॅक्टरवरून, कुठे लेझीम. फोटोत एखादं तरी मूल भोकाड पसरून रडत असतंच. त्याच्याच फोटोला सगळ्यात जास्त लाईक मिळतात.

याला सरकारी भाषेत ‘शाळा प्रवेशोत्सव’ म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवरा असो की गडचिरोलीतला एखादा पाडा, थोड्याफार फरकाने कार्यक्रम हाच. (नाशिकजवळची, लष्कराच्या छावणीची देवळाली वेगळी. ही प्रवरेच्या पाण्यावरची, उसाच्या पट्ट्यातली देवळाली.) पण हा सोहळा नेमका कशासाठी असतो, त्यामागे कोणतं गणित असतं आणि पालकांनी त्या दिवशी फुलाशिवाय आणखी काय पदरात पाडून घ्यायचं, हे फोटोखाली कुणी लिहीत नाही.

शाळा जूनमध्येच का आणि कधी?

विदर्भ सोडून उरलेल्या महाराष्ट्रात शाळा साधारण १५ जूनला सुरू होतात. २०२५ मध्ये १५ तारखेला रविवार आला म्हणून १६ जूनला घंटा वाजली. विदर्भात ऊन लवकर उतरत नाही, त्यामुळे तिथल्या शाळा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये ती तारीख २३ जून होती.

जुन्या पिढीतल्या लोकांना विचारलं तर ते वेगळंच सांगतील. पूर्वी अनेक घरांत मुलाच्या शिक्षणाचा श्रीगणेशा दसऱ्याला व्हायचा. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, पूजा करायची आणि मग पोराचं बोट धरून त्याला गुरुजींकडे न्यायचं. पाटीपूजन आजही होतं, पण प्रवेश जूनमध्येच.

मुलांना शाळेत आणायला फूल द्यावं लागतं, ही कल्पनासुद्धा तशी अलीकडचीच. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा एक रुपया म्हणजे चांगलीच रक्कम. आज दंड नाही, फूल आहे. ते का आहे, हे समजून घ्यायचं तर शाळेचा ‘पट’ म्हणजे काय ते कळायला हवं.

पट: शिक्षकांच्या झोपेचा प्रश्न

शाळेच्या हजेरीपत्रकावर जितकी नावं, तितका पट. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साधं गणित दिलं आहे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० ला चार. राज्य सरकारचे संचमान्यतेचे निकष यात आणखी अटी घालतात आणि ते अधूनमधून बदलतातही. पण मूळ गोष्ट तीच राहते. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. पद गेलं की एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग येतात, मग पालक म्हणतात, ‘शाळेत शिकवतच नाहीत’, आणि पट आणखी घसरतो.

हे चक्र तोडायला एखाद-दुसरं मूलसुद्धा पुरतं, म्हणून जिल्हा परिषदेचे शिक्षक मार्च-एप्रिलपासूनच घरोघरी फिरताना दिसतात. उन्हाळ्यात दारात उभे राहून ‘दादा, यंदा पोरीला आपल्याच शाळेत घाला’ अशी विनवणी करतात. त्याच गल्लीत इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडीही फिरत असते. टाय, बूट, चकचकीत माहितीपत्रक यांच्याशी स्पर्धा करायची तर मिरवणूक काढावीच लागते. प्रवेशोत्सवातला आनंद खोटा नसतो, पण त्यातली घाई पटाची असते.

या पटाची मोजदाद साधारण ३० सप्टेंबरच्या संख्येवर होते. त्यामुळे १५ जूनला कितीही फुगे लागले तरी शाळेचं भवितव्य ठरतं ते सप्टेंबरअखेर पटावर किती नावं टिकली त्यावर.

२०२५ मध्ये राज्य सरकारने मंत्री, लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांनीही पहिल्या दिवशी शाळांना भेटी द्याव्यात, अशी मोहीम आखली. साहेब येणार म्हटल्यावर मुलं तास-दीड तास उन्हात उभी राहतात, हा अनुभव मात्र काही नवा नाही.

‘पहिले पाऊल’ म्हणजे काय?

कोरोनात दोन वर्षं अंगणवाड्या आणि शाळा बंद राहिल्या. पहिलीत येणाऱ्या मुलांनी शाळा, बाई, वर्ग यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. म्हणून २०२२ पासून राज्यभर ‘शाळापूर्व तयारी अभियान – पहिले पाऊल’ सुरू झालं. यात दोन मेळावे होतात, एक एप्रिलच्या सुमारास आणि दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना.

मेळाव्यात टेबलं मांडलेली असतात. आधी नावनोंदणी. मग एका टेबलावर दोरीवरून चालणं, चेंडू फेकणं, दुसऱ्यावर रंग आणि आकार ओळखणं. कुठे चित्र पाहून गोष्ट सांगायची, कुठे मणी मोजायचे, कुठे ‘घरात कोण कोण आहे?’ याच्यावर बोलायचं. शेवटचं टेबल पालकांसाठी. प्रत्येक मुलाला एक विकासपत्र मिळतं. त्यावर मूल कोणती गोष्ट स्वतः करतं आणि कुठे मदत लागते याची नोंद होते. ते गुणपत्रक नव्हे. त्यावरून प्रवेश नाकारता येत नाही. कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी किंवा मुलाखत घेण्यालाच बंदी आहे. खासगी शाळांनाही हे लागू आहे, आणि हे अनेक पालकांना ठाऊक नसतं.

या अभियानातली सगळ्यात कामाची गोष्ट फोटोत येत नाही, ती म्हणजे माता गट. एका वस्तीतल्या चार-पाच आया आठवड्यातून एकदा एकत्र बसतात आणि दिलेल्या कार्डांवरून मुलांकडून घरच्या घरी खेळ करून घेतात. डाळ-तांदूळ वेगळे करणं, चपात्या मोजणं, कपड्यांच्या जोड्या लावणं. एप्रिल ते जून या दोन महिन्यांत हे नीट झालं तर मूल पहिल्या दिवशी कमी रडतं. पावलांच्या ठशांचंही असंच आहे. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसा घेण्याची पद्धत अनेक शाळांत आहे. ठसा गोड दिसतो, पण मुलाचा हात धरून त्याला स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवणं त्या दिवशी त्याहून गरजेचं असतं. नवीन मूल रडतं त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं: कुणाला विचारायचं ते त्याला कळत नाही.

वय, कागदपत्रं आणि ‘आधार नाही, मग?’

पहिलीसाठी महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण झालेली असावीत. यावरून दरवर्षी गोंधळ होतो. जूनमध्ये साडेपाच वर्षांचं असलेलं मूल डिसेंबरअखेर सहाचं होत असेल तर ते पात्र ठरतं. पण ‘बसतंय ना, मग घालून टाकू’ असं म्हणण्याआधी पालकांनी थोडं थांबावं. वर्गातलं सगळ्यात लहान मूल पुढची कित्येक वर्षं सगळ्यात लहानच राहतं.

जन्मदाखला नसेल तर? शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्यातली किंवा परिचारिकेकडची नोंद, अंगणवाडीतली नोंद, तेही नसेल तर पालकाचं लेखी निवेदन चालतं. आधारच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं की शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं नाही. तरीही शाळा आधार मागतात, कारण विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद आणि संचमान्यता त्याच्याशी जोडली गेली आहे. म्हणजे मुख्याध्यापक अडवणूक करतात असं नाही, त्यांच्यावरही वरून दबाव असतो. पालकाने एवढंच म्हणावं: ‘आधार काढून देतो, आधी पटावर नाव घ्या.’

काय मोफत मिळतं?

सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत असतात. ती बालभारती छापते. मध्यंतरी पुस्तकातच वहीची कोरी पानं घालण्याचा प्रयोग झाला होता, पण जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द झाला. त्यामुळे आता वह्या वेगळ्या घ्याव्या लागतात.

सरकारी शाळांतल्या गणवेशाची कहाणी जरा मोठी आहे. वर्षाला दोन जोड आणि जोडामागे ३०० रुपये असा हिशेब. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आला. कापड एका ठिकाणाहून आणायचं आणि शिलाई बचत गटांकडून करून घ्यायची, असं ठरलं. घडलं ते असं की अनेक ठिकाणी पावसाळा उलटला तरी गणवेश आले नाहीत आणि आले ते मापात बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हा निर्णय मागे घेतला आणि २०२५-२६ पासून खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीला दिला. बूट आणि मोज्यांसाठी मुलामागे १७० रुपये ठरले आहेत. १७० रुपयांत बूट कोणत्या दुकानात मिळतात, हे ज्याने त्याने बाजारात जाऊन पाहावं.

दुपारचं जेवण पोषण आहार योजनेतून मिळतं. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं त्याचं प्रमाण आहे. पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी त्यासोबत शिरा किंवा काहीतरी गोड असतं.

वेळेबद्दलही एक नियम लक्षात ठेवावा. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं सांगितलं आहे. पहिलीपासूनच्या हिंदीवरून २०२५ च्या जूनमध्ये मोठा वाद झाला, पण २९ जूनला सरकारने तिसऱ्या भाषेचे दोन्ही निर्णय रद्द केले. तेव्हाचे संदेश आजही व्हॉट्सॲपवर फिरतात, ते पुढे पाठवण्याआधी तारीख बघावी.

ज्यांचा पहिला दिवस नोव्हेंबरमध्ये येतो

देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी हा सगळा कालव्याचा आणि उसाचा पट्टा. जवळच्याच प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप हंगाम सुरू झाला की पाथर्डी तालुक्यातून, शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगार या भागात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि पोरं अर्थातच बरोबर येतात.

या मुलांनीही जूनमध्ये आपापल्या गावी गुलाबाचं फूल घेतलेलं असतं. दिवाळीनंतर ती उसाच्या फडाशेजारच्या खोपीत असतात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, आईबाप पहाटेच तोडीला गेलेले असतात. तिकडच्या शाळेत ती गैरहजर असतात, इकडच्या शाळेला ती माहीतच नसतात. काही मुलं गावाकडे आजीजवळ राहतात आणि हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून जेवतात. पण सगळ्यांना आजी नसते.

कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही प्रवेश द्यावाच लागतो. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत घेण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. मूल मागे पडलं असेल तरी त्याला वयानुसार वर्गात बसवायचं आणि जादा शिकवून बरोबरीला आणायचं. गाव सोडतानाच मूळ शाळेने ‘शिक्षण हमी कार्ड’ द्यायचं असतं. ते कार्ड दाखवलं की नवीन शाळेला मुलाची इयत्ता आणि प्रगती कळते. हंगाम संपवून मूल परत गेलं की तेच कार्ड तिकडे चालतं.

अडचण येते ती टोळीत. मुकादमाला कार्डाशी देणंघेणं नसतं, आईबापांना ते मिळतं हेच ठाऊक नसतं आणि टोळी फडातून फडात हलत राहते. म्हणून फडाजवळच्या शाळेतल्या शिक्षकांनी, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी खोपींवर जाऊन मुलं मोजावी लागतात. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे ज्याच्या शेतात ऊस तुटतोय, तोच शेतकरी पुष्कळदा समितीचा सदस्यही असतो. त्याला खोपीतली पोरं रोज दिसतात.

शेजारी अशी मुलं दिसली किंवा आपल्याच मुलाला कागदासाठी परत पाठवलं, तर आधी मुख्याध्यापकांशी बोलावं, मग केंद्रप्रमुखांशी. तिथेही काम झालं नाही तर राहुरीच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि तारीख टाकायला विसरू नये.