संसार सोडलेल्यांच्या खोल्या

लग्नाचं विचारायला उपनगरात जागा शोधणं म्हणजे संशोधनच! अंधेरीच्या पुलावर धक्के, घाटकोपरला मामा, मुलुंडला आत्या. म्हणून १९७८ साली मी तिला बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत नेलं. शंभरावर लेणी. दोनेक हजार वर्षांपूर्वी संसार सोडलेल्या बौद्ध भिक्षूंसाठी हे खोदकाम सुरू झालं. सोपारा-कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दानं दिल्याचे शिलालेखही आहेत. दाराशी ओसरी, बसायला दगडी बाक, बाहेर पाण्याचं टाकं. संसार सोडणाऱ्यांची सोय पाहा! त्या बाकावरच मी विचारलं.

“तुमची खोली केवढी?”

“दहा बाय बारा.”

“माणसं?”

“सात.”

तिनं भिक्षूची खोली नीट न्याहाळली. मग म्हणाली, “आठवी मी.”