विमानाची पोच : फ्लाइट प्लॅन बंद करण्याच्या नियमाचा इतिहास

प्रस्तावना

विमान-वाहतुकीचा इतिहास बहुधा उड्डाणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. राइट बंधूंचे १९०३ मधील उड्डाण किंवा लिंडबर्गने १९२७ साली एकट्याने ओलांडलेला अटलांटिक, हे त्यातील परिचित टप्पे होत. विमान सुखरूप उतरल्यानंतर वैमानिकाने काय करावयाचे असते, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. वस्तुतः उतरल्यानंतरही एक काम शिल्लक असते. निघण्यापूर्वी दाखल केलेला फ्लाइट प्लॅन ‘बंद’ करणे, म्हणजे आपण पोहोचल्याची पोच संबंधित केंद्राला देणे, हे ते काम. ते राहून गेले तर विमान धावपट्टीच्या कडेला दोरांनी बांधून ठेवलेले असताना, आणि वैमानिक घरी जेवत असताना, त्याचा शोध सुरू होतो. प्रस्तुत लेखात हा नियम कसा घडला, आणि पोच देण्याची जबाबदारी वैमानिकाच्याच स्मरणावर का सोपविली गेली, याचा मुख्यतः अमेरिकेच्या संदर्भात विचार केला आहे.

फ्लाइट प्लॅन म्हणजे विमानाची ओळख, निघण्याचे ठिकाण व वेळ, मार्ग, गंतव्यस्थान, प्रवासास लागणारा अंदाजे कालावधी, इंधन किती तास पुरेल आणि विमानात माणसे किती, यांची नोंद. वरवर पाहता हा एक साधा अर्ज आहे. परंतु त्यामुळे शांततेला अर्थ प्राप्त होतो. कोणी येणार आहे हेच ठाऊक नसेल, तर तो न आल्याचे कळणार कसे?

निरोपाची पूर्वपीठिका

अमेरिकेच्या टपाल खात्याने न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को या हवाई टपालमार्गावर रेडिओ केंद्रे उभारण्याचा आदेश २० ऑगस्ट १९२० रोजी काढला. हवामानाची आणि विमानांच्या हालचालींची वार्ता एका मैदानाकडून दुसऱ्या मैदानाकडे पोहोचविणे हे या केंद्रांचे काम होते. विमानात मात्र रेडिओ नव्हता. म्हणजे मैदाने एकमेकांशी बोलू शकत. आकाशातील माणूस कोणाशीच बोलू शकत नसे.

या अवस्थेचे चित्र फेब्रुवारी १९२१ मधील एका घटनेत स्पष्ट दिसते. टपाल रात्रंदिवस न थांबता देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेता येते हे सिद्ध करण्याचा तो प्रयत्न होता. जॅक नाइट हा वैमानिक रात्री नॉर्थ प्लॅटहून ओमाहाला आला. पुढचा वैमानिक तेथे उपलब्ध नसल्याने तो स्वतःच शिकागोकडे निघाला. वाटेतील आयोवा सिटीच्या मैदानावर तो हिमवृष्टीत पोहोचला तेव्हा तेथील कर्मचारी उड्डाण रद्द झाले असे समजून घरी गेले होते. एका रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकून मशाल पेटविली, म्हणून तो उतरू शकला. या प्रसंगाची आठवण सहसा नाइटच्या धाडसासाठी काढली जाते, आणि ते योग्यच आहे. पण नियमांच्या इतिहासाच्या दृष्टीने घरी गेलेले कर्मचारी अधिक बोलके आहेत. त्यांनी कर्तव्यात कसूर केली असे म्हणता येत नाही. वाट पाहावी की न पाहावी हे सांगणारी खात्रीची व्यवस्थाच तेव्हा नव्हती.

आपल्याकडेही आरंभीची स्थिती निराळी नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, त्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. जुहूच्या मैदानावर वाट पाहणाऱ्यांना आकाशाकडे नजर लावून बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

दोन संस्था, दोन वंश

आजच्या वाचकाला एक गोष्ट विचित्र वाटेल. अमेरिकेत एखादे लहान विमान नियंत्रण-मनोरा असलेल्या विमानतळावर उतरते. मनोऱ्यातील नियंत्रक त्याला उतरण्याची परवानगी देतो, ते उतरताना डोळ्यांनी पाहतो. तरीही दृश्य-नियमांनुसार उडणाऱ्या त्या विमानाचा फ्लाइट प्लॅन आपोआप बंद होत नाही. तो वैमानिकाने स्वतः फोन करून किंवा रेडिओवरून बंद करावयाचा असतो. उलट उपकरण-नियमांनुसार आलेल्या विमानाचा प्लॅन अशाच मनोऱ्याच्या विमानतळावर आपोआप बंद होतो. असा भेद का?

माझ्या मते याचे उत्तर संस्थांच्या वंशावळीत आहे. टपाल खात्याची रेडिओ केंद्रे १९२७ साली वाणिज्य खात्याकडे गेली आणि पुढे त्यांतूनच ‘फ्लाइट सर्व्हिस स्टेशन’ ही व्यवस्था विकसित झाली. हवामान सांगणे, प्लॅन स्वीकारणे आणि विमान वेळेवर न आल्यास चौकशी सुरू करणे ही तिची कामे. नियंत्रण-मनोरे मात्र प्रारंभी नगरपालिकांच्या विमानतळांवर उभे राहिले. संघ-शासनाने ते आपल्याकडे घेण्यास १९४१ मध्ये सुरुवात केली. मार्गावरील नियंत्रण तिसऱ्याच वाटेने आले. डिसेंबर १९३५ मध्ये नेवार्क येथे विमान कंपन्यांनीच एकत्र येऊन पहिले मार्ग-नियंत्रण केंद्र चालू केले आणि जुलै १९३६ मध्ये शासनाने ते ताब्यात घेतले. उपकरण-नियमांचा प्लॅन या तिसऱ्या व्यवस्थेचा. त्यातील प्रत्येक विमान नियंत्रकाच्या हिशेबात असते आणि ते उतरल्याविना पुढच्याला वाट मोकळी होत नाही. तेथे पोच ही व्यवस्थेची स्वतःचीच गरज आहे. दृश्य-नियमांचा प्लॅन पहिल्या व्यवस्थेचा. मनोऱ्यातील नियंत्रकाला असा प्लॅन अस्तित्वात आहे याची कल्पनाही बहुधा नसते. येथे पोचेची गरज कोणाच्याच दैनंदिन कामात अडत नाही, म्हणून ती वैमानिकाच्या अंगावर पडते.

विसरण्याचे मूळही येथेच आहे. प्लॅन दाखल करताना वैमानिकाचे मन पुढील प्रवासाकडे लागलेले असते. हवामान, इंधन, मार्ग यांच्या विचारांतच तो अर्ज भरला जातो. बंद करण्याच्या वेळी मात्र हेतू सिद्ध झालेला असतो. विमान थांबले, सामान उतरले, कोणी घ्यायला आले. मोठ्या विमानतळांवर ज्याचा प्लॅन आपोआप बंद होत आला, त्याला खेड्यातील निर्मनुष्य धावपट्टीवर या कामाची आठवण होणे अधिकच अवघड. याला केवळ हलगर्जीपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु शासनाच्या जुन्या विभागणीतील एक फट वैमानिकाच्या स्मरणशक्तीने बुजविली जात आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

अर्ध्या तासाची मर्यादा

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान-वाहतुकीच्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. संकटातील विमानाला साहाय्य करणे हे त्याच्या पंचविसाव्या कलमाने सदस्य-राष्ट्रांचे कर्तव्य ठरविले. पुढे १९५० साली शोध व बचाव यांविषयीचे स्वतंत्र परिशिष्ट स्वीकारले गेले. या व्यवस्थेत शांततेच्या तीन पायऱ्या कल्पिल्या आहेत : अनिश्चितता, सावधता आणि संकट. त्यांची सांकेतिक नावे इन्सर्फा, अलेर्फा व डेट्रेस्फा. अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत विमान आले नाही की अनिश्चिततेची अवस्था सुरू होते. प्रथम फोन होतात, वाटेतील विमानतळांना विचारणा होते, कोणी तरी धावपट्टीच्या कडेला उभ्या विमानांचे क्रमांक पाहत हिंडतो. त्यातून काही निष्पन्न झाले नाही तर शोध-विमाने निघतात.

उड्डाण-नियमांच्या परिशिष्टाने उतरल्यानंतर शक्य तितक्या लवकर पोच देण्याचे बंधन घातले आहे. जेथे संपर्काचे साधन अपुरे असल्याचे ठाऊक आहे, तेथे शक्य असल्यास उतरण्यापूर्वीच रेडिओवरून तसा संदेश द्यावा, अशीही तरतूद आहे. पोच न दिल्यास निष्कारण शोधकार्यावर मोठा खर्च होऊ शकतो, असा इशारा टीपेत दिलेला आहे. पण प्रश्न केवळ पैशाचा नाही. शोध घेणारी विमाने डोंगरदऱ्यांतून कमी उंचीवर उडतात, आणि त्यांतील माणसांचा जीवही तितकाच मोलाचा असतो. शिवाय ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्याप्रमाणे, दहा वेळा निघालेल्या खोट्या हाकेने अकराव्या खऱ्या हाकेचे वजन कमी होते.

सर्व देशांनी वैमानिकाच्या स्मरणावर सारखाच विश्वास टाकला नाही. कॅनडात मर्यादा एका तासाची ठरली. ब्रिटनमध्ये नियंत्रण-सेवा नसलेल्या मैदानावर जाणाऱ्या वैमानिकाने तेथे एक ‘जबाबदार व्यक्ती’ नेमावी अशी पद्धत रूढ झाली. अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत विमान आले नाही तर त्या व्यक्तीने कळवावयाचे. म्हणजे अमेरिकेत वैमानिकाचे मौन ही धोक्याची खूण, तर ब्रिटिश पद्धतीत जमिनीवरील मित्राचे मौन ही कुशलतेची खूण. ब्रिटिश पद्धत विसराळू वैमानिकाला सांभाळून घेते; पण तो मित्रच विसरला तर शोध सुरू होण्यास विलंब होणार, हा तिचा दोष आहे. दोहोंपैकी अमेरिकन पद्धतीची चूक खर्चिक असली तरी सुरक्षिततेच्या बाजूने झुकणारी आहे, म्हणून मला ती अधिक ग्राह्य वाटते.

मुळात प्लॅनच दाखल केलेला नसेल तर काय होते, याचे उदाहरण स्टीव्ह फॉसेट यांचे आहे. एकट्याने फुग्यातून आणि विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा साहसी वैमानिक ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातील एका खासगी धावपट्टीवरून छोट्या सहलीसाठी निघाला आणि परतला नाही. मार्गाची नोंद नसल्याने हजारो चौरस मैलांचा प्रदेश धुंडाळावा लागला. त्या शोधात पूर्वी ठाऊक नसलेल्या इतर अपघातांचे अवशेष सापडले; फॉसेटचे विमान मात्र सापडले ते वर्षानंतर, ऑक्टोबर २००८ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या डोंगरात.

यंत्राची पोच

मानवी स्मरणाला पर्याय म्हणून यंत्राकडे वळणे स्वाभाविक होते. अपघाताच्या धक्क्याने आपोआप संकेत पाठविणारा प्रेषक बहुसंख्य खासगी विमानांत बसविण्याचे बंधन अमेरिकेने १९७० च्या कायद्याने घातले. १९८२ पासून अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व सोव्हिएत संघ यांच्या सहकार्याने कॉस्पास-सारसॅट ही उपग्रह-व्यवस्था असे संकेत टिपू लागली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडात तिच्यामुळे पहिली सुटका झाली. शीतयुद्धाच्या त्या काळात हे सहकार्य घडले, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

तथापि १२१.५ मेगाहर्ट्झवरील जुन्या प्रेषकांचे ९० टक्क्यांहून अधिक संकेत खोटे निघत. जोरात आपटून उतरलेले विमान किंवा दुरुस्तीच्या वेळी चुकून दाबले गेलेले बटणही त्यास पुरेसे असे. संकेत कोणाचा हे त्यातून समजत नसे. अखेर १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ती वारंवारता ऐकणे थांबविले. त्याऐवजी आलेल्या ४०६ मेगाहर्ट्झच्या प्रेषकात प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि मालकाचा दूरध्वनी त्या क्रमांकासमोर नोंदविता येतो. असा संकेत आला की बचाव-केंद्र विमान आकाशात धाडण्यापूर्वी त्या क्रमांकावर फोन लावते आणि विचारते, तुमचे विमान कोठे आहे?